साथ, अणुभट्टी आणि सीमा: खर्डीच्या रस्त्यावरून

(खर्डी, ता. शहापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

महामारी, अणुधोका आणि प्रादेशिक सुरक्षा असं विषयाचं भारदस्त नाव फलकावर वाचून काहींना वाटलं असेल, की हे दिल्लीतल्या नाहीतर जिनिव्हातल्या लोकांनी बोलायचं. खर्डीत त्याचं काय काम? म्हणून आम्ही सुरुवात नकाशापासून करतो.

खर्डी स्टेशनवरून नैऋत्येला सरळ रेघ मारली, तर साधारण ८० किलोमीटरवर तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र लागतं. पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकवून दुसरी रेघ मारली, तर जवळपास तेवढ्याच अंतरावर तारापूर. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, पुढच्या दोन २००५ आणि २००६ मधल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधी शहापूर आणि तारापूर एकाच ठाणे जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या अखत्यारीत होते. आपल्या दोन्ही अंगांना भातसा, तानसा, वैतरणा आहे, म्हणजे मुंबई जे पाणी पिते ते. मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि १८६१ पासून रेल्वे. मुंबईतून देशावर जायच्या मोठ्या वाटा दोनच, बोरघाट आणि थळघाट. थळघाटाची वाट आपल्या दारावरून जाते.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत या वाटेवर काय दिसलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायात तुटकी चप्पल. मुंबई-भिवंडीकडून कसाऱ्याकडे आणि पुढे नाशिक, धुळे, थेट उत्तर प्रदेशापर्यंत चाललेली माणसं. कोणी भाकरी दिली, कोणी पाणी दिलं, आणि काही गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ता बंद केला. राज्यभर दोन्ही प्रकार झाले. एक शहर घाबरून रिकामं व्हायला लागतं तेव्हा काय होतं, याची ती खरीखुरी तालीम होती. कारण त्या वेळी विषाणूचं होतं. दुसऱ्या कुठल्या कारणाने शहर घाबरलं, तरी माणसं याच रस्त्याने येणार आहेत.

आता एक गैरसमज आधीच काढून टाकू. महामारी आली म्हणून कोणी अणुबॉम्ब टाकत नाही, आणि विषाणू अणुभट्टीत शिरून तिला बिघडवतही नाही. दोघांचा संबंध आडून येतो. अणुभट्टी असो, क्षेपणास्त्र असो वा सीमेवरची चौकी, ती सुरक्षित राहते ती माणसांच्या रोजच्या कामामुळे. कोणीतरी पाळीवर जातो, कोणीतरी तपासणीला जातो, कोणीतरी समोरच्या बाजूला फोन करून ‘हे आमच्याकडून चुकून झालं’ असं सांगतो. साथ नेमकी या कामांवर येते.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. आधीच्या दोन दिवसांत ते नेमकं कुठे वळेल हे नक्की नव्हतं. उत्तर महाराष्ट्राचा आणि दक्षिण गुजरातचा सगळा किनारा इशाऱ्याखाली होता. राज्यात तेव्हा करोनाचे रुग्ण सत्तर हजारांच्या वर गेले होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मोकळ्या मैदानावर तात्पुरतं रुग्णालय उभं केलं होतं. तिथले दीडशेच्या आसपास रुग्ण वादळाच्या भीतीने वरळीला हलवावे लागले. पालघरच्या किनाऱ्यावरून लोक हलवले. आणि त्याच वेळी पालघर-रायगडमधले रासायनिक कारखाने आणि पालघरमधलं अणुवीज केंद्र यांच्यासाठी वेगळी खबरदारी घेत असल्याचं सरकारने जाहीर केलं.

म्हणजे बघा, एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच कलेक्टर कचेरीसमोर साथ, वादळ आणि अणुकेंद्र हे तिन्ही विषय टेबलावर होते. वादळ दक्षिणेला वळलं, पालघर बचावलं आणि रायगडने मार खाल्ला. त्यानंतर बारा दिवसांनी, १५ जूनला, गलवान खोऱ्यात चिनी सैन्याबरोबरच्या झटापटीत आपले २० जवान मारले गेले. १९७५ नंतर त्या सीमेवर झटापटीत माणूस गेल्याची ती पहिली वेळ. दोन्ही देश अण्वस्त्रधारी. तो पंधरवडा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजचा आपला सगळा विषय त्यात मावतो.

आता अणुकेंद्राच्या आत काय होतं ते पाहू. अणुभट्टी बंद केली की चूल विझवल्यासारखी ती थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण आत तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, एका दिवसात टक्क्याच्याही खाली येते. टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण तारापूरच्या मोठ्या ५४० मेगावॅटच्या भट्टीत जी मूळ उष्णता निर्माण होते ती विजेच्या तिप्पट असते. तिचा एक टक्का म्हणजे जवळपास सतरा-अठरा मेगावॅट. ती काढून नेण्यासाठी पंप हवेत, पंपाला वीज हवी, आणि वीज व पंप सांभाळायला माणूस हवा. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात नेमकं हेच झालं. भूकंपाने भट्ट्या आपोआप बंद पडल्या, बाहेरची वीज गेली, त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रं बुडाली, आणि बंद भट्ट्या वितळल्या. वापरून झालेलं इंधनही वर्षानुवर्षं पाण्याच्या हौदात थंड ठेवावं लागतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २०२० मध्येच दुरुस्तीसाठी बंद केल्या होत्या. पण बंद म्हणजे कुलूप लावून घरी जाणं नव्हे.

नियंत्रण कक्षात बसणारा माणूस परवानाधारक असतो. त्याच्या प्रशिक्षणाला वर्षं लागतात, आणि तो त्या विशिष्ट भट्टीसाठीच तयार झालेला असतो. एक पाळी आजारी पडली तर नाक्यावरून दुसरी माणसं आणता येत नाहीत. म्हणून २०२० मध्ये जगभर केंद्रांनी पाळ्या एकमेकींपासून तोडल्या, काही ठिकाणी कामगारांना आवारातच मुक्कामाला ठेवायची तयारी केली. ब्रिटनमध्ये सेलाफिल्ड नावाचं प्रचंड अणुसंकुल आहे, सुमारे ११,५०० कामगारांचं. मार्च २०२० मध्ये त्यातले आठ टक्के लोक विलगीकरणात गेले, आणि तिथला इंधन-पुनर्प्रक्रियेचा कारखाना टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय घ्यावा लागला. आठ टक्क्यांत ही वेळ आली. त्यांनी बंद केला हे शहाणपणाचंच केलं. प्रश्न येतो तो जिथे बंद करायची परवानगी विचारायलाही कोणी धजत नाही तिथे.

तारापुरातच दोन प्रकार आहेत. नव्या भट्ट्या जड पाण्याच्या. त्यांत चालू असतानाच इंधन बदलता येतं. जुन्या दोन उकळत्या पाण्याच्या. त्यांना इंधन बदलायला थांबवावं लागतं आणि त्या काळात आवारात बाहेरची माणसं मोठ्या संख्येने येतात. त्यांत कंत्राटी कामगार असतात, आसपासच्या गावातले वेल्डर, फिटर, सफाईवाले. साथीच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यात नाजूक जागा ही. गावातला ताप केंद्रात जातो आणि केंद्रातला गावात येतो. परवानाधारक अभियंत्यांची काळजी सगळे घेतात, पण या कंत्राटी माणसाची पगारी रजा कोण देणार? तो खोकला दाबून कामावर आला, तर तो दोष त्याचा एकट्याचा नाही.

हे झालं कुंपणाच्या आतलं. बाहेरचं प्रकरण आम्हाला जास्त अवघड वाटतं.

अणुकेंद्रात अपघात झाला, तर पहिल्या तासांतला सल्ला काय असतो? घरात जा, दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा, रेडिओ ऐका. हवेतून वाहत येणारा किरणोत्सर्गी ढग जाईपर्यंत भिंत आणि छप्पर हाच आडोसा. आता करोनात आपण काय शिकलो? खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, एका खोलीत गर्दी करू नका. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एकमेकांच्या थेट उलट आहेत. दोन्ही संकटं एकदम आली तर गावाला कोणता सांगायचा?

उत्तर आहे, पण ते आधी ठरलेलं हवं. ढग अंगावरून जायचे काही तास किरणोत्सर्गाचा धोका मोठा. तेव्हा खिडकी बंद. ढग गेला की लगेच खिडकी उघडायची. माणसं बसने हलवायची असतील तर लक्षणं असलेल्यांची बस वेगळी. निवाऱ्याच्या शाळेत वर्ग वाटून द्यायचे. यात कुठलंही मोठं शास्त्र नाही. फक्त ते सांगणारा माणूस एकच असावा आणि त्याने दोन्ही गोष्टींचा विचार केलेला असावा.

आणि माणूस तर एकच आहे! तारापूरच्या कुंपणाबाहेर अणु-आपत्ती हाताळायची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची, म्हणजे कलेक्टरची. त्यासाठी नियोजनाचा परिघ केंद्राभोवती १६ किलोमीटरचा धरतात. करोनात टाळेबंदी कोणत्या कायद्याखाली लागली? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. जिल्ह्यात त्याचाही प्रमुख कलेक्टर. जोडीला १८९७ चा साथरोग कायदा. तो मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला. त्या प्लेगमध्ये पुण्यात घरझडत्यांना गोरे सोजीर लावले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. साथ आणि सुरक्षा यांची गाठ महाराष्ट्राला नवी नाही. तर मुद्दा असा की कलेक्टर एक, तहसीलदार एक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई त्याच. आराखडे दोन वेगळ्या फायलींत असतात, आणि दोन्ही फायलींत ‘आशा कार्यकर्ती घरोघरी जाईल’ अशा अर्थाचं एक वाक्य असू शकतं. ती एका वेळी एकाच घरी जाऊ शकते. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला, तेव्हा सुरक्षेवर लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याची दखल घेतली. आमच्या मते ती सुरक्षेचीच बातमी होती.

फुकुशिमाचा आणखी एक धडा सांगतो, तो आपल्याकडे कमी सांगितला जातो. तिथे किरणोत्सर्गाने लगेच माणसं मेली नाहीत. पण हलवाहलवीत, निवाऱ्यांत, औषधं आणि शुश्रूषा तुटल्यामुळे जे मृत्यू झाले, ते फुकुशिमा प्रांतात दोन हजारांच्या वर मोजले गेले. बहुतेक वृद्ध. म्हणजे नीट न ठरवता हलवणं हे स्वतःच एक संकट. त्यात साथीची भर घालून बघा.

इथून आपण दुसऱ्या अंगाला वळू. सुरुवात आंब्यापासून करतो.

अमेरिकेत हापूस पाठवायचा तर त्यावर गॅमा किरणांचा मारा करावा लागतो, म्हणजे कोयीतला किडा पुढे जात नाही. ही सोय वाशीला आहे आणि आपल्याच महामार्गाने पुढे गेलं की नाशिक जिल्ह्यात लासलगावला. अमेरिकेची अट अशी, की त्यांच्या निरीक्षकाने इथे येऊन ही सोय तपासली पाहिजे. २०२० मध्ये प्रवास बंद, निरीक्षक आला नाही. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम अमेरिकेची वाट बंद राहिली. २०२२ मध्ये ती उघडली. आंब्याचं नुकसान झालं, पण दोन वर्षांत विषय मिटला.

आता हेच अणुबॉम्बच्या बाबतीत बघा. अमेरिका आणि रशिया यांच्यात ‘न्यू स्टार्ट’ नावाचा करार होता. प्रत्येकी १,५५० पेक्षा जास्त मोठी अण्वस्त्रं तैनात ठेवायची नाहीत, आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजून खात्री करायची. मार्च २०२० मध्ये साथीमुळे या प्रत्यक्ष तपासण्या दोघांच्या संमतीने थांबल्या. तात्पुरत्या. त्या पुन्हा कधीच सुरू झाल्या नाहीत. मधल्या काळात युक्रेनचं युद्ध पेटलं, ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाने तपासणीला नकार दिला, फेब्रुवारी २०२३ मध्ये करारातला सहभागच स्थगित केला, आणि कराराची मुदत होती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. साथ नसती तर हे टळलं असतं असा आमचा दावा नाही. युद्धाने ते मोडलंच असतं कदाचित. पण चालू असलेली तपासणी मोडायला कोणालातरी पुढे येऊन नकार द्यावा लागतो, त्याची किंमत मोजावी लागते. बंद पडलेली तपासणी नुसती पुन्हा सुरू केली नाही की झालं. साथीने रशियाला तेवढी सोय करून दिली.

अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची आढावा परिषद दर पाच वर्षांनी भरते. २०२० ची ढकलत ढकलत ऑगस्ट २०२२ मध्ये भरली, आणि तोवर झापोरिझ्झियाच्या अणुकेंद्रावर रशियन सैन्य बसलेलं. परिषद एकमताशिवाय उठली. याच्या उलट उदाहरणही आहे, ते लपवायला नको. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० मध्ये निरीक्षकांना न्यायला खास विमान भाड्याने घेतलं, तिच्या इतिहासात पहिल्यांदा. तिने तपासणी थांबू दिली नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर होत होतं.

सैन्यावरही साथ येतेच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘थिओडोर रूझवेल्ट’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजावर संसर्ग पसरला. सुमारे ४,८०० पैकी हजाराहून अधिक बाधित. खलाशांना उतरवा म्हणून कळकळीचं पत्र लिहिणाऱ्या कॅप्टन क्रोझियर यांना पदावरून दूर केलं गेलं. फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या जहाजावरही हजारावर. मुंबईत नौदलाच्या ‘आयएनएस आंग्रे’ या किनाऱ्यावरच्या तळावर वीसेक जण बाधित निघाले, पण आपल्या युद्धनौका आणि पाणबुड्या मोकळ्या राहिल्याचं नौदलाने तेव्हा सांगितलं. अशा बातम्या देताना सगळ्या सैन्यांची पंचाईत होते. किती जण आजारी हे सांगावं तर शत्रूला कमकुवतपणा कळतो, लपवावं तर आपल्याच गावात साथ पसरते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला ‘स्पॅनिश’ नाव पडलं ते याचमुळे. लढणाऱ्या देशांनी बातम्या दाबल्या, तटस्थ स्पेनच्या वर्तमानपत्रांनी छापल्या, आणि बदनाम झाला स्पेन. तोच ताप जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

लपवाछपवीचं सगळ्यात वाईट उदाहरण सोव्हिएत रशियाचं. १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने साठाहून अधिक माणसं मेली. सरकार म्हणालं, दूषित मांस. खरं कारण लष्करी प्रयोगशाळेतून झालेली गळती, हे १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी मान्य केलं. सोव्हिएत संघ तोवर जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या कराराचा सदस्य होता. त्या करारात प्रयोगशाळा तपासायची सोयच नाही, आजही नाही. अणूच्या बाबतीत निदान निरीक्षक तरी आहेत. म्हणून कुठे अनोळखी ताप निघाला की पहिली शंका शेजाऱ्यावर जाते, आणि ती खरी की खोटी हे पाहायला मान्य अशी यंत्रणा नसते.

शंकेचं आपल्या घरचं उदाहरण १२ ऑक्टोबर २०२० चं. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या, करोनाची रुग्णालयं जनित्रांवर. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी एका अमेरिकी कंपनीने अहवाल दिला, की चीनशी संबंधित हॅकर गटाने भारताच्या वीज यंत्रणेत शिरकाव केला होता. राज्याचे गृहमंत्री म्हणाले, घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय वीजमंत्री म्हणाले, मानवी चूक होती. सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? आमचा अंदाज विचाराल तर चूक आणि जुनाट यंत्रणा हे स्पष्टीकरण जास्त पटणारं आहे. पण लक्षात घ्या, गलवान होऊन चार महिनेच झाले होते. समजा त्या दिवशी व्हेंटिलेटर बंद पडून पन्नास रुग्ण दगावले असते आणि संध्याकाळी टीव्हीवर ‘चीनने केलं’ असं सुरू झालं असतं, तर सरकारवर उत्तर देण्याचा किती दबाव आला असता? वीज, रुग्णालय, सीमा आणि अण्वस्त्रं एका दोरीत कशी येतात ते इथे दिसतं. अणुकेंद्राच्या शीतकरणालाही हीच ग्रिडची वीज लागते, हे मघाशी बोललोच.

अफवा तर त्याहून जवळच्या. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने तिघांचा जीव घेतला. टाळेबंदीत गाव बंद, रात्रीची गस्त, हातात फक्त मोबाइल. आणि मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षानंतर, पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांतून किरणोत्सर्ग गळतोय असे संदेश मोबाइलवर फिरायला लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सांगावं लागलं की तिथल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही. त्याच ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. यादीत पहिल्या वर्गात मुंबई, उरण आणि तारापूर, दुसऱ्या वर्गात ठाणे. भोंगा वाजला, दिवे घालवले. त्या सरावात ‘समजा सोबत साथही आहे’ असा एखादा प्रसंग घ्यायला हवा होता, असं आम्हाला वाटतं. आधीच्या पाच वर्षांत आपण दोन्ही पाहिलं होतं.

इतकं सगळं ऐकून मन काळवंडायला नको, म्हणून एक चांगली गोष्ट. दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. ३१ डिसेंबर १९८८ चा करार आहे, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा. यादी १९९२ पासून दिली जाते. कारगिलनंतर दिली, मुंबई हल्ल्यानंतर दिली, साथीच्या वर्षांत दिली. संघर्षविराम मोडल्याच्या पाच हजारांवर घटना २०२० मध्ये झाल्या, तरीही १ जानेवारी २०२१ ला दिली. आणि २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही सैन्यांनी गोळीबार थांबवायचं जाहीर केलं. भांडखोर भावकीतही बांधावरचा एक दगड कोणी हलवत नाही, तशी ही यादी.

साथींसाठी या दोन देशांत असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार धोक्याच्या घटनेची बातमी संघटनेला २४ तासांत द्यायची असते, पण शेजारी-शेजारी थेट सांगायची रीत नाही. १५ मार्च २०२० ला सार्क देशांच्या प्रमुखांची दृश्यबैठक झाली, भारताने एक कोटी डॉलरचा निधी सुरू केला. छान सुरुवात होती, पुढे विरली. लशीचंही तसंच. पुण्यातल्या सीरमकडे बांगलादेशाने तीन कोटी डोस मागितले होते. सत्तर लाख विकत मिळाले आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण निर्यात थांबवली. आपल्याकडे चितेला जागा नव्हती, थांबवणं समजण्यासारखं होतं. पण ढाक्याने मग चीनची लस घेतली. शेजाऱ्याने संकटात कोणाचं दार वाजवलं, हे पुढची कित्येक वर्षं लक्षात राहतं.

आता आपल्या ग्रामसभेपुरतं. खर्डी १६ किलोमीटरच्या परिघात नाही, त्यामुळे इथून कोणाला हलवायचा आराखडा असायचं कारण नाही. पण इथे माणसं येतील याचा आराखडा हवा, आणि तो मागायचा अधिकार ग्रामसभेला आहे. शाळेचे किती वर्ग उघडता येतात? तापाच्या माणसाला कुठे ठेवणार? पाड्यांवरचे कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबं वीटभट्टीवरून अचानक परत आली, जशी २०२० मध्ये आली, तर रेशन कुठलं? वेशीवर काट्या टाकायच्या नाहीत हे आधी ठरवायचं, संकट आल्यावर नाही. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन दोन्ही फायली एका टेबलावर ठेवा म्हणून सांगायचं. एवढं अर्जात लिहिता येतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: घरात आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवाव्यात का?

नको. त्या पोटॅशियम आयोडाइडच्या असतात आणि फक्त एका धोक्यावर चालतात, किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठू नये म्हणून. ढग यायच्या जरा आधी किंवा लगेच घेतल्या तर उपयोग, उशिरा घेतल्या तर फारसा नाही. प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायच्या. लहान मुलं आणि गरोदर बाया यांना त्यांची गरज सर्वांत जास्त, चाळिशीपुढच्यांना कमी. औषधांच्या दुकानातलं जखमेवर लावायचं टिंक्चर पिऊ नका, हे मुद्दाम सांगतो; फुकुशिमाच्या वेळी तशा अफवा पसरल्या होत्या.

प्रश्न: बीएआरसीने करोनात काही मदत केली का, की नुसता धोकाच?

केली. तुर्भ्याला १९७४ पासून ‘आयसोमेड’ हा गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करणारा कारखाना आहे, त्याचं तंत्र संरक्षक पोशाखांसाठी वापरायला मान्यता मिळाली. जगभर ज्या आरटी-पीसीआर चाचणीने करोना ओळखला, ते तंत्रही मूळ अणुविज्ञानातल्या पद्धतींतून आलेलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने शंभराहून अधिक देशांना त्याची यंत्रं आणि साहित्य दिलं. अणू म्हटलं की फक्त बॉम्ब डोळ्यासमोर आणायची गरज नाही.

प्रश्न: भातसाच्या पाण्याचं काय? आम्ही तर धरणाच्या कडेला राहतो.

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि तुर्भे आपल्या नैऋत्येलाच, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण ८० किलोमीटरमध्ये बरंच विरळ होतं आणि मोठ्या धरणात आणखी विरळ होतं. तरी पूर्ण निश्चिंत राहू नये. मार्च २०११ मध्ये फुकुशिमापासून दोनशे किलोमीटरहून लांब, टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात लिटरमागे २१० बेकरेल किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा १०० ची. दुसऱ्या दिवसापर्यंत ते कमी झालं, पण तेवढ्यात तान्ह्यांसाठी बाटलीबंद पाणी वाटावं लागलं. या आयोडीनची शक्ती आठ दिवसांत निम्मी होते. पाण्यापेक्षा दूध जास्त सांभाळायचं असतं, कारण गाय मोठ्या रानावरचं गवत खाते आणि ते सगळं दुधात गोळा होतं. चेर्नोबिलच्या मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातून. भातसाचं पाणी पिसे आणि पांजरापूरला तपासलं जातं, म्हणजे मुंबईकराच्या नळात काय येतं ते कोणीतरी पाहील. इथे मात्र शहापुरातल्या कितीतरी पाड्यांना धरणं शेजारी असून उन्हाळ्यात टँकर लागतो, बाकीचे महिने विहीर, डबकं, झरा. त्यांचं पाणी अशा दिवशी कोण तपासणार आणि स्वच्छ टँकर पहिला कुठे जाणार, हा प्रश्न तहसीलदारांना लेखी विचारा, आणि उत्तराची पोच घ्या.